कडुलिंबापासून तिसरी

पप्पांची कबर नेमकी कुठली, हे आमच्या घरात फक्त आत्याला माहीत आहे. आम्ही बाकीचे तिच्या शब्दावर तिथे फुलं ठेवतो.

एप्रिल २०२१. मी पुण्यात फ्लॅटवर पॉझिटिव्ह होऊन पडलो होतो. मम्मी नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी, घरातल्या घरात वेगळ्या खोलीत. पप्पा तालुक्याच्या हॉस्पिटलात ऑक्सिजनवर. पहाटे फोन आला आणि दुपारी त्यांना तिथूनच दफनभूमीत नेलं. गेटच्या आत घरच्यांना परवानगी नव्हती. पाळकसाहेब स्वतःच आजारी होते. आत्या आणि आतेभाऊ कंपाउंडच्या भिंतीबाहेर उभे राहिले. आत जेसीबीने खणलेले खड्डे एका ओळीत होते. किट घातलेल्या माणसांनी गाडीतून पिशवी उतरवली, खड्ड्यात सोडली, वरून माती लोटली. आत्याने भिंतीवरून मोजून ठेवलं : कडुलिंबापासून तिसरा.

वर्षभराने कबर बांधायला गेलो तेव्हा तिथला राखणदार म्हणाला, "चौथी. मला चांगलं आठवतंय." रजिस्टरमध्ये नाव होतं, तारीख होती, जागा लिहिलेली नव्हती. आतेभावाला विचारलं तर तो म्हणाला, किट घातलेले दोघे होते आणि तीन-साडेतीन वाजले असतील. आत्या म्हणते चौघे होते आणि ऊन उतरलं होतं. तिसरी की चौथी हे आतेभावाला सांगताच येईना, कारण तो तेव्हा रडत होता. शेवटी मम्मीने वाद मिटवला. "ताई सांगतात तीच." मग तिसऱ्या कबरीवर फरशी बसवली, क्रूस लावला, नाव कोरून घेतलं.

*

दोन वर्षांपूर्वी ईस्टरनंतरच्या सोमवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये माझ्या टीममधल्या एकाने विचारलं, "काल तुमचा सण होता ना? एक विचारू? रागवू नकोस. तू दिवसभर लोकांना 'लॉग दाखवा, मग बोला' म्हणतोस. मग मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला, हे तू खरंच मानतोस?"

तो खवचटपणे बोलत नव्हता, त्याला खरंच कुतूहल होतं. मी म्हणालो, "श्रद्धेचा भाग आहे रे." तो मान हलवून डब्याकडे वळला. मला मात्र दिवसभर ते वाक्य टोचत राहिलं. तिकीट सोडवता आलं नाही की आपण काहीतरी शेरा मारून ते बंद करतो, तसं मी केलं होतं. आणि प्रश्न काही त्याच्या एकट्याचा नव्हता. पप्पा गेल्यापासून रात्री दोन वाजता तो मलाही पडायचा. पुनरुत्थान झालं नसेल तर तिसऱ्या कबरीतली माती ही नुसती माती आहे, आणि चौथीतलीही.

त्या रात्री मी जे मला येतं ते केलं. स्प्रेडशीट उघडली. चार शुभवर्तमानांचे चार कॉलम : मार्क, मत्तय, लूक, योहान. ओळींमध्ये प्रश्न : कबरीकडे कोण गेलं? केव्हा? आत काय दिसलं? पुढे काय केलं?

ज्यांना ही गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रोमन सुभेदार पिलाताने येशूला जेरुसलेममध्ये क्रूसावर चढवलं. साल बहुधा इसवी सन ३० किंवा ३३. वार शुक्रवार. संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, सुरू होणार, म्हणून अरिमथाईकर योसेफ नावाच्या न्यायसभेच्या सभासदाने पिलाताकडे शरीर मागून घेतलं आणि खडकात खोदलेल्या कबरीत ठेवून तोंडाशी धोंड लोटली. रविवारी पहाटे काही बायका तिथे गेल्या, तर धोंड बाजूला आणि आत शरीर नाही.

इथपर्यंत चौघांचं एकमत आहे. पुढे माझी शीट लाल होत गेली.

मार्कमध्ये तीन बायका जातात : मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे. मत्तयात दोघीच. लूकमध्ये सलोमे नाही, योहान्ना आहे आणि शिवाय आणखी काही जणी. योहानात एकटी मग्दालीया मरीया, तेही अंधार असताना. मार्कच्या बायकांना आत पांढऱ्या झग्यातला एक तरुण बसलेला दिसतो. मत्तयात भूकंप होतो, देवदूत उतरून धोंड लोटतो आणि तिच्यावर बसतो, पहारेकरी गारठून पडतात. लूकमध्ये झगझगीत कपड्यांतले दोन पुरुष. योहानात आधी कुणीच नाही, मरीया धावत जाऊन पेत्राला घेऊन येते, तो बघून परत जातो, आणि मग तिला दोन देवदूत दिसतात.

आमच्याकडे प्रॉडक्शनमध्ये काही पडलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना स्वतंत्रपणे घटनाक्रम लिहायला सांगतात. तेव्हा हे असंच होतं. एक जण म्हणतो अलर्ट आधी आला, दुसरा म्हणतो ग्राहकाचा फोन आधी आला. मीटिंगमध्ये कोण कोण होतं यावरही एकमत होत नाही. पण त्यावरून सर्व्हर पडलाच नव्हता असं कुणी म्हणत नाही. उलट सगळ्यांचा घटनाक्रम शब्दाला शब्द जुळला तर मॅनेजरला पहिली शंका येते. आत्या आणि आतेभावाचंही तेच. दोन माणसं की चार, यावरून पप्पांना पुरलंच नाही असं थोडंच ठरतं?

मी खूश झालो. मग थोडं आणखी वाचलं आणि ती खुशी ओसरली.

कारण हे चार स्वतंत्र घटनाक्रम नाहीतच. बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्क सगळ्यात जुना, इसवी सन ७० च्या आसपासचा. मत्तय आणि लूक त्यानंतर दहा-वीस वर्षांनी लिहिले गेले, आणि दोघांच्याही समोर मार्क होता. त्यांनी त्यातला मजकूर उचललाय, वाक्यं सुधारलीत, आपल्याकडची भर घातलीय. आमच्या भाषेत सांगायचं तर एका रेपोचे दोन फोर्क. योहान शतकाच्या अखेरीचा, आणि तो किती स्वतंत्र आहे यावर अजून वाद आहेत. म्हणजे चार साक्षीदार म्हणून मी ज्यांना मोजत होतो, ते दीड-दोन निघाले.

*

पुढचे बरेच महिने हा माझा रात्रीचा उद्योग होता. यूट्यूबवर दोन्ही बाजूंचे व्हिडिओ आहेत. एका बाजूला वाटतं कोर्टात केस जिंकलीच, दुसऱ्या बाजूला वाटतं सगळं बनावट. मी पुस्तकांकडे वळलो आणि एकेक मुद्दा सुटा करून तपासायला लागलो.

पहिला मुद्दा असा की कबर होती का? रोमन लोक क्रूसावर मारलेल्यांना सहसा तसंच लटकत ठेवायचे, गिधाडं-कुत्र्यांसाठी. तो शिक्षेचाच भाग होता. बार्ट एहरमन या अभ्यासकाने म्हणूनच योसेफाच्या कबरीच्या गोष्टीवर शंका घेतली आहे. पण पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसिफस लिहितो की आपले लोक क्रूसावर चढवलेल्यांनाही सूर्यास्तापूर्वी उतरवून पुरतात. आणि १९६८ साली जेरुसलेमच्या ईशान्येला गिवत हा-मिवतार इथल्या एका कबरीत अस्थी ठेवायची दगडी पेटी सापडली. तिच्यावर येहोहानान असं नाव खरडलेलं होतं आणि आत टाचेचं हाड होतं, आरपार लोखंडी खिळा रुतलेलं. खिळ्याचं टोक वाकल्यामुळे तो निघाला नसावा. म्हणजे क्रूसावर गेलेला हा माणूस घरच्यांच्या कबरीत पोचला होता. यावरून असं होऊ शकत होतं एवढं कळतं. येशूच्या बाबतीत ते झालंच, हे येहोहानानची टाच सांगू शकत नाही.

दुसरा मुद्दा बायकांचा, आणि ख्रिस्ती वक्ते यावर सगळ्यात जास्त भर देतात. त्या काळी बाईची साक्ष हलकी मानायचे. बाईची साक्ष घेऊ नये असं खुद्द जोसिफसच नोंदवतो. दुसऱ्या शतकात केल्सस नावाच्या टीकाकाराने एका भ्रमिष्ट बाईच्या सांगण्यावर विश्वास ठेवता, म्हणून ख्रिस्ती लोकांची टर उडवली होती. मग गोष्ट रचायचीच असती तर पेत्राला आधी कबरीकडे पाठवलं नसतं का? हा मुद्दा मला बराच काळ बिनतोड वाटला. पण त्यालाही उत्तर आहे. मार्कच्या गोष्टीत शिष्य अटकेच्या वेळीच पळालेत, आणि प्रेताला सुगंधी द्रव्यं लावणं हे बायकांकडे असायचं. मग त्या पहाटे कबरीकडे पाठवायला लेखकाकडे दुसरं होतं कोण?

तिसरा मुद्दा चोरीच्या आरोपाचा. मत्तय सांगतो की शिष्यांनीच रात्री शरीर पळवलं अशी अफवा यहुद्यांमध्ये आपल्या काळापर्यंत चालू आहे. त्यावरून असा युक्तिवाद करतात की म्हणजे विरोधकांनाही कबर रिकामी असल्याचं मान्य होतं. ठीक. पण मत्तय हे पन्नासेक वर्षांनी लिहितोय. आरोप करणाऱ्यांनी कबर पाहिली होती की फक्त ख्रिस्ती लोकांची गोष्ट ऐकून प्रत्युत्तर दिलं होतं, हे त्यातून कळत नाही.

याच्याशी जोडलेला एक किस्सा मला फार आवडतो. संगमरवराची एक पाटी आहे, तिच्यावर ग्रीकमध्ये कैसराचा हुकूम : कबरी फोडू नका, शरीरं हलवू नका, नाहीतर देहान्त. एका संग्राहकाने ती १८७८ साली मिळवली, नाझरेथहून आली अशी नोंद ठेवली. १९३० मध्ये तो मजकूर प्रसिद्ध झाल्यावर खळबळ उडाली. नाझरेथ म्हणजे येशूचं गाव! रिकाम्या कबरीची बातमी कैसरापर्यंत पोचली होती, असं कित्येकांनी लिहिलं. मग २०२० मध्ये संशोधकांनी पाटीतल्या संगमरवराचं रासायनिक विश्लेषण केलं. दगड निघाला ग्रीसच्या कोस बेटावरचा. तिथे निकियास नावाचा एक जुलमी सत्ताधीश होता, त्याची कबर लोकांनी फोडली होती, आणि हुकूम बहुधा त्या प्रकरणाचा असावा. नव्वद वर्षं पुरावा म्हणून मिरवलेली गोष्ट एका चाचणीत गेली. मी हे वाचून हसलो, आणि मग जरा घाबरलोही. मलाही पुरावा हवाच होता. मी पण ती पाटी घट्ट धरून बसलो असतो.

जेरुसलेमच्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये २०१६ साली अथेन्सच्या तांत्रिक विद्यापीठाच्या टीमने डागडुजी करताना वरची संगमरवरी लादी हटवली. साठ तास ती जागा उघडी होती. खाली भर होती, भरीखाली क्रूस कोरलेली जुनी फुटकी लादी, आणि तिच्याखाली मूळ खडकातला ओटा. त्या जुन्या लादीखालच्या चुन्याचा काळ इसवी सन ३४५ च्या आसपासचा निघाला. म्हणजे कॉन्स्टंटाइन बादशहाच्या काळात ज्या जागेवर चर्च बांधलं, तीच ही जागा. त्याआधीच्या तीनशे वर्षांत ती जागा लोकांनी कशी लक्षात ठेवली, बरोबर ठेवली की चुकून दुसरीच, हे चुना सांगत नाही.

आणि यावरूनच चौथा मुद्दा. १९०७ साली कर्सप लेक या अभ्यासकाने मांडलं होतं की बायका चुकीच्या कबरीकडे गेल्या असतील. जेरुसलेमभोवती अशा कबरी पुष्कळ. परगावच्या बायका, झुंजुमुंजू पहाट, मनाची ती अवस्था. तिथे भेटलेल्या तरुणाला एवढंच सांगायचं असेल की तुम्ही शोधताय तो इथे नाही, ती जागा तिकडे. त्या ऐकायला थांबल्या नाहीत.

हे वाचून मी लॅपटॉप बंद केला. डोळ्यांसमोर राखणदार उभा राहिला. "चौथी. मला चांगलं आठवतंय."

*

दुसऱ्या दिवशी मार्कचा पंधरावा अध्याय पुन्हा काढला. दफनाचा प्रसंग मार्क एका बारक्या तपशिलावर संपवतो : त्याला कुठे ठेवलं हे मग्दालीया मरीया आणि दुसरी मरीया बघत होत्या. लहानपणापासून दर गुड फ्रायडेला ऐकलेलं हे, पण कधी थांबलो नव्हतो. त्यांना जवळ जाता आलं, असं मार्क म्हणत नाही. त्यांनी काही केलं असंही नाही. दोन बायका लांबून जागा बघून ठेवतायत.

संशयाने बघितलं तर हा तपशील 'चुकीची कबर' या आरोपाला आधीच दिलेलं उत्तर असू शकतो. पण मी भिंतीबाहेर उभ्या आत्याचा भाचा आहे. मला ते खरं वाटलं. का वाटलं याचं कारण पुराव्यात बसत नाही, तरी सांगून ठेवतो.

मार्कचा शेवट तर त्याहून विचित्र आहे. आतला तरुण बायकांना सांगतो की तो उठलाय, तुमच्यापुढे गालीलात जातोय, तिथे तुम्हाला दिसेल, जाऊन शिष्यांना सांगा. आणि बायका थरथरत पळून जातात, भीतीपोटी कुणाला काहीच सांगत नाहीत. संपलं. आज बायबलमध्ये त्यापुढे आणखी बारा वचनं दिसतात, पण चौथ्या शतकातल्या दोन सगळ्यात जुन्या पूर्ण प्रती, सिनाइटिकस आणि व्हॅटिकॅनस, इथेच थांबतात. पुढची वचनं नंतर जोडली गेली, यावर जवळपास सगळ्यांचं एकमत आहे. म्हणजे सगळ्यात जुन्या शुभवर्तमानाच्या ईस्टरमध्ये उठलेला येशू कुणाला दिसतच नाही. त्याचा चेहरा नाही. धोंड बाजूला, एक निरोप, आणि घाबरलेल्या बायका.

मला आणखी एक गोष्ट लक्षात आली. आपण 'रिकामी कबर हा पुरावा' म्हणतो, पण या गोष्टींमध्ये रिकाम्या कबरीने जवळजवळ कुणालाच काही पटत नाही. लूकमध्ये बायका येऊन सांगतात तेव्हा शिष्यांना ती वायफळ बडबड वाटते. योहानात एकच शिष्य आत बघून विश्वास ठेवतो. मग्दालीया मरीयेच्या डोक्यात पहिला विचार तोच येतो जो कुणाही शहाण्या माणसाच्या येईल : कुणीतरी शरीर हलवलंय. समोर येशू उभा असतानाही तिला तो माळी वाटतो, आणि ती त्याला म्हणते की तू नेलं असशील तर कुठे ठेवलंस ते सांग, मी त्याला घेऊन जाईन. तिला चमत्कार नको आहे. शरीर कुठे आहे तेवढं कळलं तरी पुरे आहे तिला. एप्रिल २०२१ मध्ये ज्यांच्या घरात कुणी गेलं, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

स्प्रेडशीटच्या तळाशी मी माझा हिशोब लिहिला. येशूला पुरलं : बहुधा हो. काही बायकांनी जागा पाहिली होती, त्या परत गेल्या, आणि त्यांना तिथे शरीर मिळालं नाही : मला संभाव्य वाटतं, पैजेवर सगळा पगार लावणार नाही. काही लोकांची पक्की खात्री होती की तो नंतर त्यांना दिसला : यावर तर अविश्वासू अभ्यासकही फारसे भांडत नाहीत, कारण इथे पौल आहे. पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र इसवी सन ५५ च्या आसपासचं, मार्कच्याही आधीचं. त्यात तो आपल्याला मिळालेली एक यादी देतो : पेत्राला दिसला, बारा जणांना, पाचशेंहून अधिकांना, याकोबाला, शेवटी मला. पेत्राला तो स्वतः भेटला होता, पंधरा दिवस त्याच्याकडे राहिला होता. पण त्या यादीत बायका नाहीत. कबर रिकामी होती असंही पौल थेट म्हणत नाही. आणि स्वतःला झालेलं दर्शन तो त्याच यादीत बसवतो, म्हणजे 'दिसला' या शब्दाचा अर्थ नेमका काय, हा प्रश्न उरतोच.

आणि शेवटची ओळ : म्हणून तो उठला का? इथे मी कर्सर ठेवला आणि बराच वेळ काही टाइप केलं नाही. आत्याने तिसरा खड्डा म्हटलं की मी मानतो, कारण माणसं मरतात आणि खड्ड्यात पुरली जातात, हे रोज घडतं. तिच्या साक्षीला फार मोठं ओझं उचलायचं नसतं. तेवढ्याच साक्षीवर मेलेला उठल्याचं मानायचं का? डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्येच म्हटलं होतं की चमत्काराची साक्ष तेव्हाच पटावी, जेव्हा ती खोटी असणं हे त्या चमत्काराहूनही अशक्य असेल. यावर ख्रिस्ती विचारवंत म्हणतात की देव आहे असं धरलं तर हिशोबच बदलतो. तेही बरोबर आहे. पण मग निकाल कबरीवरून लागत नाही. कबरीकडे येताना आपण काय घेऊन आलो यावरून लागतो.

मी ती ओळ रिकामी ठेवली. टीममेटला कँटीनमध्ये सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तुला माहीत नाही." मी म्हणालो, "हो." श्रद्धेचा भाग आहे म्हणण्यापेक्षा हे बरं वाटलं.

*

आमच्याकडे ईस्टरची पहाटेची उपासना दफनभूमीतच होते. आदल्या दिवशी लोक कबरी धुतात, चुना लावतात. पहाटे अंधारात मेणबत्त्या, गाणी, मग उजाडेपर्यंत जो तो आपापल्या माणसांपाशी. यंदा मम्मीचे गुडघे दुखत होते, ती फाटकाजवळ खुर्चीवर बसली. मी आणि आत्या तिसऱ्या कबरीपाशी. मी तिला हौसेने माझं सगळं संशोधन सांगत होतो. बायकांनी जागा कशी बघून ठेवली, ते सांगताना म्हणालो, "तुझ्यासारखं, आत्या. तू बघून ठेवलंस म्हणून आपण इथे बसलोय."

ती मेणबत्तीचं मेण नखाने काढत बसली. मग म्हणाली, "खड्डा मी पाहिला. ते खरंय. पण बाबा, दादाचं तोंड मी पाहिलं नाही."

मला कळलं नाही.

"पिशवी बंद होती. मी वरून ओरडले, एकदा तोंड दाखवा. ते म्हणाले, मावशी, परवानगी नाही. चिठ्ठीवर नाव होतं म्हणे. त्या दिवशी चार गाड्या आल्या होत्या."

"पण तू मम्मीला सांगितलंस..."

"वहिनीने फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला. तोंड पाहिलंत ना, ताई? काय सांगणार होते मी? पाहिलं म्हटलं. शांत होता म्हटलं, झोपल्यासारखा." थोड्या वेळाने म्हणाली, "मग भीतीच बसली. आता खरं सांगितलं तर सगळे म्हणतील, मग आतमध्ये आहे कोण? म्हणून कुणालाच बोलले नाही."

शांत होता, झोपल्यासारखा. ते वाक्य मी तीन-चार वर्षं उशाशी घेऊन झोपलो होतो.

घरी येऊन मी स्प्रेडशीट उघडली नाही. पण डोक्यात ती चालूच होती. खरं बोलणारं, प्रेमाचं माणूस एक चेहरा कसा जोडतं, हे मला कुठल्याही पुस्तकाने इतकं नीट सांगितलं नव्हतं. समोर कुणीतरी तळमळून विचारतं आणि आपल्या तोंडून ते निघून जातं. एका तरुणाचे दोन देवदूत असे होत असतील का? मार्कचा चेहरा नसलेला शेवट वाचून लोकांनी म्हणून बारा वचनं जोडली का? ती जोडणाऱ्याला मी आता बनावट करणारा म्हणू शकत नाही.

पण हे उत्तर पुरतं बसत नाही, हेही मला दिसतंय. पौलाची यादी मार्कच्या आधीची आहे. म्हणजे आधी फक्त कबर होती आणि चेहरे नंतर आले, असा सरळ क्रम लागत नाही. दिसल्याचं सांगणारी माणसं अगदी सुरुवातीपासून होती. आत्याला विचारलं तर तिने सरळ सांगितलं की मी पाहिलं नव्हतं. पेत्राला असं कुणी विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता? परंपरा सांगते की तो रोममध्ये मारला गेला आणि बदलला नाही. एवढ्याने तो खोटं बोलत नव्हता इतकं मानता येतं. त्याने काय पाहिलं, ते तिथे जाऊन तपासायची सोय नाही. शेवटची ओळ अजून रिकामी आहे, आणि मी अजून पहाटेच्या उपासनेला जातो. या दोन गोष्टी एकाच माणसात राहू शकतात, एवढं मला या दोन वर्षांत कळलंय.

हे लिहायचं ठरवलं तेव्हा आत्याला विचारलं. ती म्हणाली, "लिही. पण आधी वहिनीला मी सांगते. तू बरोबर बस."

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिने सांगितलं, मान खाली घालून, पदराशी चाळा करत. मम्मी लसूण सोलत होती, हात थांबले नाहीत.

"मला माहीत होतं, ताई," ती म्हणाली.

आत्याने वर पाहिलं.

"तुम्ही म्हणालात शांत होते. तीस वर्षं संसार केला. झोपेत पण त्यांच्या कपाळाला आठ्या असायच्या." मग ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आत्याच्याही. "पण तुम्ही तिथे उभ्या होतात ना? बास झालं."

मी विचारलं, राखणदाराशी पुन्हा बोलू का, चौथ्या कबरीचे लोक कोण आहेत ते शोधू का. मम्मी म्हणाली, "पुढच्या वेळी जाऊ तेव्हा चौथीवर पण चार फुलं ठेवू. आणि पावसाळ्याच्या आत नावाला रंग मारून घे. अक्षरं गेलीत."